बालबानची खोली

पुस्तकातलं शेवटचं वाक्य बेर्मेतनं वाचायच्या आधीच मुलांनी म्हणून टाकलं. ‘आता आपण दोस्त.’ एका सुरात, एका दमात, आणि म्हणून झाल्यावर सगळी गप्प. हे पुस्तक तिनं बिश्केकमधल्या पन्नासेक बालवाड्यांत तरी वाचलं असेल. अंधारातला केसाळ बालबान पहिल्यांदा दिसतो ते पान उलटलं की कुणीतरी डोळे झाकायचं, कुणीतरी खिदळायचं, एखादं उठून दाराशी पळायचं. मग प्रश्न सुरू व्हायचे. तो काय खातो, तो चावतो का, त्याची आई कुठं आहे, त्याला शेपूट का नाही. बेर्मेत या प्रश्नांना मनातल्या मनात शिव्या घालायची, कारण बसची वेळ टळायची. आज मात्र अर्धवर्तुळात मांडलेल्या छोट्या खुर्च्यांवर मुलं गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती, आणि प्रश्न एकही नव्हता. खिडकीच्या फटीतून कोळशाच्या धुराचा वास येत होता. नोव्हेंबर लागला की या शहरात तो सगळीकडेच येतो. मानेवर काहीतरी गार लागलं ते त्या फटीतूनच आलं असणार, असं तिनं स्वतःला समजावलं. पुस्तक मिटताना तिला दुसऱ्या रांगेतली रिकामी खुर्ची दिसली. पाठीवर जर्दाळूचं चित्र चिकटवलेलं होतं.

“ही कुणाची खुर्ची?” तिनं सहज विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

“सेझिमची,” रिबीनवाली एक मुलगी म्हणाली. “ती बालबानकडे आहे.”

एखादी मुलगी दातांच्या डॉक्टरकडे गेली आहे हे सांगावं तसं तिनं ते सांगितलं. बेर्मेत हसली. लेखिकेनं अशा वेळी हसायचं असतं. मुलं हसली नाहीत.

“तुमच्याच पुस्तकावरून सुचलं हो मला,” मुख्य बाई बुबुसारा एजे, म्हणजे बुबुसाराताई, दारातून पुढे येत म्हणाल्या. सत्तावीस वर्षं बालवाडी चालवलेली बाई. अंगानं भरलेली, पुढचा एक दात सोन्याचा, आणि हसली की समोरच्याला आपण शहाणे आहोत असं वाटायला लावणारी. “चादरी ठेवायची खोली होती आमची, तिला आम्ही बालबानची खोली केली. ज्या मुलाला कशाचीतरी भीती वाटते ना, त्यानं तुमचं पुस्तक घेऊन आत बसायचं. दिवा नाही. बाहेरून कडी. आणि ‘दोस्त झाला’ म्हणालं की दार उघडायचं. बस्स. ना मार, ना ओरडा. आज सेझिमची पाळी. नवीन माणूस येणार म्हटलं की ती पडद्यामागे जाऊन बसते. म्हटलं, आज पाहुण्याच येताहेत, तर आधी भीती काढून टाकू पोरीची.”

“कधीपासून आहे आत?”

“तुम्ही यायच्या थोडं आधीपासून. हट्टी आहे जरा. म्हणेल, म्हणेल.”

आणि बेर्मेत म्हणाली, “अरे वा.”

पुढचा सगळा वेळ हे दोन शब्द तिच्या जिभेवर रेंगाळत राहिले, नासलेल्या दुधाची चव राहते तसे. दुसरं काय म्हणता आलं असतं? पुष्कळ काही. दार उघडा, एवढं म्हणता आलं असतं. पण बेर्मेत सत्तेचाळीस वर्षांची होती, आणि पाहुणी म्हणून गेल्यावर यजमानाच्या घरातल्या कुठल्या दाराविषयी बोलायचं नाही हे तिला चालायला यायच्या आधीपासून शिकवलेलं होतं. आणि तिचं ‘वा’ हे नेहमीच तिच्या आधी तोंडाबाहेर पडायचं. नवऱ्यानं सोडून जाताना कारणं सांगितली तेव्हाही ती बहुधा ‘हो का’ असंच म्हणाली होती. मुलं उठली, रांगेत उभी राहिली, एकमेकांचे स्वेटर धरून निजायच्या खोलीकडे गेली. आज कार्यक्रमामुळे त्यांना जेवण लवकर दिलं होतं, आता झोपही लवकर. कुणाचा जोडा निघाला नाही, कुणी कुणाला ढकललं नाही. बेर्मेत त्यांच्या पाठी बघत राहिली. शहाणी मुलं आहेत, तिनं स्वतःला सांगितलं.

चहाच्या खोलीकडे जाताना ते दार वाटेतच होतं. दारावर बालबान चिकटवलेला होता, तिचंच चित्र, माणसाच्या उंचीएवढं मोठं केलेलं. पुस्तकात तो तळहातात मावेल एवढा होता. गुबगुबीत, केसाळ, मोठं पांढरं डोकं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वर उभारलेले दोन कान. चार दिवसांत काढलं होतं तिनं ते पुस्तक, एका दमात. एरवी एका मांजराच्या मिशा काढायला ती आठवडा घालवायची. संपादकीणबाई म्हणाल्या होत्या, काय मऊ आहे हो हा, उशीला घ्यावासा वाटतो. सगळ्यांनाच तसं वाटलं. गोष्टही मऊच होती. एक मुलगी तळघरात बटाटे आणायला उतरते, वरचं झाकण पडतं, अंधारात बालबान असतो, मुलगी घाबरते, मग ती त्याच्याशी बोलते, मग म्हणते, आता आपण दोस्त, आणि झाकण उघडतं. झाकण कोण उघडतं हे पुस्तकात नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. आता दारावरचा बालबान तिच्याकडे तिच्याच उंचीवरून बघत होता आणि त्याचे कान कान नव्हते. ती टोपी होती. उंच पांढरी लोकरीची टोपी, दोन्ही बाजूंनी वर दुमडलेल्या पट्ट्यांची, गावाकडचे सगळे वडीलधारे घालतात तसली. दाराच्या मागून काही आवाज येत नव्हता. कान देऊन ऐकावं असं तिला वाटलं, पण बुबुसारा एजे पुढं चालता चालता वळून म्हणाल्या, “या ना, चहा निवतोय,” आणि बेर्मेत गेली.

कासिमाली आबा. हे नाव तिनं किती वर्षांत मनातसुद्धा घेतलं नव्हतं. नारिन नदीच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव, घरं थोडी, थंडी फार. कासिमाली आबा गल्लीच्या टोकाला राहायचे. एकटे, पण मानाचे. लग्न असो की मयत, मेंढराचं डोकं त्यांच्यापुढं ठेवायचं. बेर्मेत सहा वर्षांची होती आणि आईनं तिला त्यांच्याकडे चाळण परत करायला पाठवलं होतं. ते म्हणाले, “खाली तळघरात उतर, आईला चार बटाटे घेऊन जा.” ती उतरली. झाकण पडलं. आधी तिला वाटलं, वाऱ्यानं पडलं. मग वर वजन बसल्याचा आवाज आला, फळी करकरली, आणि ते शीळ घालू लागले. घरात शीळ घालायची नाही, घरातली बरकत जाते म्हणतात. तिनं तोवर कुठल्या घरात शीळ ऐकलेली नव्हती. ती ओरडली, रडली. शीळ थांबली की ते फळीवर वाकून शांतपणे बोलायचे. “भित्री पोर पुढं सासरी जाऊन काय दिवे लावणार? म्हण, मी भीत नाही. म्हण, अंधार माझा दोस्त झाला.” त्यांनी तिला कधी बोट लावलं नाही. हे तिनं पुढं स्वतःला अनेकदा सांगितलं होतं, जणू तेवढ्यानं हिशेब मिटतो. ते फक्त झाकणावर बसायचे. बाहेर आली तेव्हा त्यांनी तिच्या हातात बटाटे दिले, डोक्यावर हात ठेवला, आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना.

तीन दिवस फुटेना. आईनं शेजारच्या ऊलकान म्हातारीला बोलावलं. मूल भ्यालं की शिसं ओततात, ते काम तिचं. तिनं बेर्मेतला उंबऱ्यावर बसवलं, डोक्यावरून चादर घातली, चादरीवर पाण्याचं भांडं धरलं आणि पळीत वितळवलेलं शिसं त्यात ओतलं. चुर्र झालं, वाफ आली. पाण्यात शिशाचा जो आकार होतो त्यात मुलाला घाबरवणारं जे काही असेल ते उतरतं. एकदा ते दिसलं की भीतीचं नाव कळतं, आणि नाव कळलं की इलाज होतो. म्हातारीनं तो गोळा उजेडात धरला. आई, मावश्या, शेजारणी सगळ्या वाकल्या. चादरीतून बेर्मेतनंही पाहिला. मोठं डोकं, दोन बाजूंना वर आलेली दोन टोकं. तिला तो लगेच ओळखू आला. तिला इतकं बरं वाटलं की तिनं डोळे मिटले. आता यांना कळलं, आपल्याला बोलायला नको.

“दोन कान,” ऊलकान म्हातारी म्हणाली. “लांबट थोबाड. कुत्रं आहे हे.”

“कासिमाली आबांचा अक्तोश,” आई लगेच म्हणाली. “तरीच. त्यांच्याकडून आली तेव्हापासूनच दातखिळी बसलीय.”

आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. म्हातारीनं इलाज सांगितला: ज्याला भ्याली त्याच्याशीच दोस्ती करायची. नऊ दिवस, रोज सकाळी, पोरीनं आपल्या हातानं त्या कुत्र्याला भाकरी घालायची. पुढं बेर्मेतला बोलता येऊ लागलं, पण तोवर तिला कुणी विचारेना. उत्तर आधीच सापडलं होतं. मग प्रश्न कशाला विचारायचा? आई रोज तिच्या हातात भाकरी द्यायची, डोक्याचा रुमाल नीट करायची आणि म्हणायची, “आबांना सलाम कर हं.” आबा फाटकात उभे असायचे, ती उंच टोपी घालून. अक्तोश गरीब कुत्रा होता. तो तिच्या हातातली भाकरी हलक्या ओठांनी घ्यायचा आणि तिच्या बाहीत नाक खुपसायचा. तिच्या ओळखीतलं सगळ्यात सज्जन जनावर तेच. नऊ दिवसांतले पाच दिवस तळघराचं झाकण उघडं होतं. दुसऱ्या खेपेला तिला कळलं की रडण्यात वेळ जातो. ती खाली उतरायची, झाकण पडायचं, आणि ती लगेच म्हणायची, “दोस्त झाला.” फळीवरचं वजन उठायचं. दहाव्या दिवशी आईनं गल्लीभर सांगितलं, पोर धीट झाली. तेव्हापासून बेर्मेत धीट होती. धीट मुलगी, धीट विद्यार्थिनी, एकटीच्या जिवावर शहरात आलेली धीट बाई. मुलांना भीती घालवायला शिकवणारी अकरा पुस्तकं तिच्या नावावर होती.

चहाच्या टेबलावर जे जे असावं ते सगळं होतं. बोरसोकांचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा ढीग, साय, रास्पबेरीचा मुरंबा, कापलेलं मांस. मुलांपैकी तिघांच्या आया आल्या होत्या. त्यातल्या दोघींनी पुस्तकं सहीसाठी पुढं केली. तिसरी, हिरव्या स्वेटरमधली, चहा ओतत होती. बुबुसारा एजे तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “ही चिनारा. सेझिमची आई.”

बेर्मेतचा हात चहाच्या वाटीशी थांबला. तिनं कल्पना केली होती की आई कामावर असेल, बाजारात, कुठं परदेशात, या शहरातल्या अर्ध्या आया असतात तशी. ही इथं होती. तीन खोल्या पलीकडे.

“खूप फरक पडलाय हो,” चिनारा लाजत म्हणाली. “आधी घरी पाहुणे आले की ही पलंगाखाली. सासूबाई मला बोलायच्या, कसली रानटी पोर वाढवलीयस. आता येते, सलाम करते, चहा देते. दोनदा बसली होती आधी. आजची तिसरी खेप.”

“आणि तुमच्याशी बोलते?” बेर्मेतनं विचारलं.

“म्हणजे?”

“आत काय झालं ते. सांगते?”

चिनारा विचारात पडली. “सांगते ना. म्हणते, दोस्त झाला.” साय पुढं सरकवत ती म्हणाली, “रात्री मात्र माझा दंड धरून झोपते. पण वय आहे ते. होईल.”

“होईल काय, झालंच,” बुबुसारा एजे म्हणाल्या आणि कागदाचं एक पान टेबलावर बेर्मेतसमोर सरकवलं. हे ते पान. आठवड्यापूर्वी संपादकीणबाईंचा फोन आला होता, की नवी आवृत्ती शहरातल्या सगळ्या बालवाड्यांत जाणार, शेवटी एक पान जोडायचंय, पालक आणि शिक्षकांसाठी, एका अनुभवी बाईंनी लिहिलंय, तुमची हरकत नाही ना? बेर्मेत तेव्हा रंग कालवत होती. म्हणाली, नाही, हरकत कसली. आता पान समोर होतं. ‘हे पुस्तक कसं वापरावं.’ पहिली ओळ: एक लहान, अंधारी, सुरक्षित जागा निवडा. चौथी ओळ: मूल रडलं तर उत्तर देऊ नका. सातवी ओळ: ‘दोस्त झाला’ हे शब्द मुलानं स्वतःहून म्हटले पाहिजेत. अक्षर वळणदार होतं. कासिमाली आबांना लिहिता येत असतं तर त्यांनीही हेच लिहिलं असतं. आणि बुबुसारा एजे कासिमाली आबा नव्हत्या. हीच तर अडचण होती. ही बाई वाईट नव्हती. तिनं पुस्तक मन लावून वाचलं होतं आणि त्यात जे होतं तेच केलं होतं. दुसऱ्या सगळ्यांना बालबान मऊ वाटला. या एकटीला नीट कळलं की ही गोष्ट दोस्तीची नाही, झाकणाची आहे.

आता हे थांबवायचं तर बोलावं लागणार होतं. नुसतं ‘हे पान नको’ म्हणून भागलं नसतं. बुबुसारा एजेंनी विचारलं असतं, का नको, आणि त्यांच्याकडे सव्वीस शांत मुलं पुरावा म्हणून होती. बेर्मेतकडे पुरावा एकच होता आणि तो तिनं आईलासुद्धा दाखवला नव्हता. आई गेली तेव्हाही नाही. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात आई म्हणाली होती, “तुला आठवतं, कासिमाली आबांच्या कुत्र्याला कशी भ्याली होतीस? बाई गं, किती लळा लागला पुढं तुला त्याचा.” आणि बेर्मेत म्हणाली होती, “हो, आठवतं.” मरणाऱ्या माणसाला कशाला दुखवायचं. जिवंत माणसालाही कशाला दुखवायचं. तिच्या मनात घड्याळ चालू होतं. ती आली त्याला पाऊण तास झाला. सेझिम त्याआधीपासून आत आहे. एकही हाक नाही. म्हणजे ती मुलगी अजून म्हणत नाहीये. पहिल्या दोन वेळा म्हणाली आणि आज म्हणत नाहीये. बेर्मेतला तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी तिला भीती वाटली, की ती म्हणेल. आणि त्याहून मोठी भीती, की ती म्हणेपर्यंत आपण इथं मुरंबा खात बसू.

“घ्या ना,” चिनारा म्हणाली. “तुम्ही काहीच घेतलं नाही.”

“घेते,” बेर्मेत म्हणाली आणि खरंच एक बोरसोक तोडला.

चहापाणी उरकलं. वाट्या उपड्या झाल्या. बुबुसारा एजेंनी ओठ पुसले, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बेर्मेत, तुम्ही आमच्या पाहुण्या. या कामाला तुमचा आशीर्वाद द्या. पुस्तकाला, मुलांना, आणि आमच्या त्या खोलीला.” आणि त्यांनी दोन्ही तळहात छातीपुढं उघडे धरले. चिनारानं धरले, दुसऱ्या दोघींनी धरले. आशीर्वादाला कुणी नाही म्हणत नाही. पाहुण्यानं चार शब्द बोलायचे, सगळ्यांनी ‘ओमीन’ म्हणून तळवे तोंडावरून फिरवायचे, मग जे बोललं गेलं ते झालंच. कासिमाली आबांच्या मयतीच्या जेवणाला बेर्मेत गेली होती, एकोणीस वर्षांची असताना. तिथंही तळवे उघडले होते आणि ओमीन म्हटलं होतं. आता चार बायकांचे आठ तळवे तिच्यासमोर होते. चिनाराच्या बोटांना पीठ लागलेलं होतं. शब्द तर तयारच होते, वर्षानुवर्षं ते आपोआप येतात. मुलं धीट होवोत, वाट उजळ होवो, घरात भरभराट होवो. पहिला शब्द ओठांशी आला. बेर्मेतनं तो चावला. एक आई खाकरली. आणि बेर्मेत उठली. तिनंही धरलेले तळवे तसेच उघडे होते. ते मिटायचे की काय करायचे हे न कळून ती तशीच, काहीतरी सांडू नये म्हणून जपल्यासारखी, दारातून बाहेर पडली.

“टॉयलेट डावीकडे,” बुबुसारा एजे मागून म्हणाल्या.

ती उजवीकडे गेली. कडी वर होती, मोठ्या माणसाच्या उंचीवर. तिनं ती काढताना बालबानच्या कपाळावर हात टेकला. दार उघडलं. धुतलेल्या चादरींचा वास, आणि त्याच्या आत दुसरा एक वास, कोंदट, ओल्या कपड्यांचा. चादरींच्या दोन ढिगांमध्ये एक लहान मुलगी खुर्चीवर बसली होती. पुस्तक मांडीवर, मिटलेलं. पायांतले मोजे ओले होते. उजेडामुळे तिनं डोळे बारीक केले आणि समोर नवीन बाई पाहून तिचं सगळं अंग आखडलं. ओठ मात्र हसले. ते हसू बेर्मेतनं कधी आरशात पाहिलं नव्हतं, पण तिला ते आतून ठाऊक होतं, ते ओढताना गालाचा कुठला स्नायू दुखतो हेसुद्धा. ती खाली बसली, गुडघे फरशीवर टेकून.

“बाहेर ये, सेझिम. संपलं आता.”

मुलगी जागची हलली नाही. “मी अजून म्हटलं नाही,” ती हळूच म्हणाली.

“म्हणायची गरज नाही.”

“म्हटल्याशिवाय नाही सोडत.”

“इथं कुणी दोस्त नाहीये. हो ना? तू एकटीच होतीस.”

सेझिमनं तिच्याकडे पाहिलं. पाचसहा वर्षांच्या डोळ्यांत एवढी सावध नजर बेर्मेतनं पूर्वी पाहिली नव्हती. मग तिनं अगदी थोडी मान हलवली. मागं कॉरिडॉरमध्ये चपलांचे आवाज आले, बायका येत होत्या. बेर्मेतला वाटलं, आत्ता. नाहीतर मग कधीच नाही. ती कुजबुजली, “मलाही असंच कोंडायचे. तुझ्याएवढी होते. तळघरात. तिथंही कुणी नव्हतं.” एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य बाहेर आलं, आणि इतक्या सहज आलं की ती चकित झाली. तिला रडू येईल असं वाटलं. मुलगी पुढं झुकली. तिला आता खरंच जाणून घ्यायचं होतं.

“मग तुम्हाला कसं सोडलं?”

“मी म्हटलं, दोस्त झाला. खोटंच म्हटलं. तेव्हा सोडलं.”

सेझिमनं ते ऐकून घेतलं. एखादी गोष्ट आपल्याला वाटत होती तशीच निघाली की माणूस मान डोलावतो तशी डोलावली. मग बेर्मेतच्या खांद्यावरून दाराकडे बघत, मोठ्या, स्वच्छ, गोड आवाजात ती म्हणाली, “एजे, दोस्त झाला.”

दारात टाळ्या वाजल्या. “बघा,” बुबुसारा एजे आनंदानं म्हणाल्या, “आणि नवीन बाईंशी बोलली पण. पाहिलंस ना चिनारा?” चिनाराच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. बेर्मेत गुडघ्यांवर बसलेली होती. तिच्या हातून जे झालं ते तिला पूर्ण दिसलं. पुस्तकात अर्धं सांगायचं राहिलं होतं, ते तिनं आत्ता स्वतःच्या तोंडानं पुरं केलं होतं. एवढ्या वर्षांनी खरं बोलली आणि ते या पोरीला खोटं बोलायची युक्ती म्हणून कामी आलं. ती उठली.

“टाळ्या थांबवा,” ती म्हणाली. आवाज चढला नाही, तरी टाळ्या थांबल्या. “ती खोटं बोलतेय. कुणी दोस्त झालेला नाही. ती भ्यालेली आहे, तिचे मोजे ओले आहेत, तुम्ही बघा चिनारा, हात लावून बघा. मीही असंच खोटं बोलले होते. ते पुस्तक खोटं आहे. ते पान छापायचं नाही, आणि पुस्तकही नाही. मी आज फोन करून सांगते.”

“बेर्मेत,” बुबुसारा एजे समजुतीनं म्हणाल्या, “तुम्ही दमलात. एवढा वेळ वाचत होतात.”

“मला कोंडलं होतं,” बेर्मेत म्हणाली. “एका मानाच्या माणसानं. आणि माझी आई मला रोज भाकरी देऊन तिथं पाठवायची, माझ्या भल्यासाठी.”

सेझिम तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू जात होतं. तिला कळलं होतं एवढंच, की या बाईनं आपलं गुपित फोडलं. आता पुन्हा कडी लागणार. तिच्या ओठांचा कोपरा खाली आला. तिनं आधी बुबुसारा एजेंकडे पाहिलं, मग दाराकडे, मग आईकडे, आणि चिनारा पुढं आली. तिनं वाकून मुलीच्या पायाला हात लावला. हात तसाच राहिला. “सेझिम,” ती म्हणाली, “अगं, हाक का नाही मारलीस?” आणि मुलीनं तोंड उघडलं. आधी आवाजच आला नाही. मग आला तो इतका मोठा आला की दारातल्या दोन्ही आया मागं सरल्या. ती पुस्तक टाकून, खुर्ची पाडून आईच्या अंगावर पडली, आणि चिनारा तिच्यासकट फरशीवर बसली. चादरींचा ढीग कलंडला. आई मुलीला थोपटत नव्हती, गप्प करत नव्हती. नुसती धरून होती, आणि तिच्या हिरव्या स्वेटरवर मुलीची बोटं रुतली होती.

बेर्मेत भिंतीला टेकून उभी राहिली. आपण काही सोडवलं की काही मोडलं, हे तिला कळेना. तिला अक्तोशच्या नाकाचा ओलेपणा आठवत नव्हता, आईचा हात आठवत नव्हता. फक्त कानांत हा आवाज होता, आणि तो थांबू नये असं तिला वाटत होतं. मग दुसरा एक आवाज आला. निजायच्या खोलीतून. कुणीतरी मूल पांघरुणातच रडायला लागलं होतं, दबून, चुकून आल्यासारखं. लगेच दुसरं. मग तिसरं, मोठ्यानं. मग कुठलं कोण ते कळेनासं झालं. सगळ्या कॉरिडॉरभर तो आवाज पसरला. एक पलंग फरशीवर सरकला. कुणीतरी आईला हाक मारली.

बुबुसारा एजे तिथंच उभ्या होत्या, हातात कडी धरल्यासारखा हात वर. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्या एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या. त्या कुणालाही उद्देशून बोलल्या नाहीत.

“तीन महिने,” त्या म्हणाल्या, “तीन महिने इथं एकही मूल रडलं नव्हतं.”